मालाच्या विक्रीचा मजकूर कसा लिहावा?
(हापूसच्या पेटीच्या उदाहरणासह)

शेत पिकविण्याची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पिकविलेला माल विकण्याची विद्या मात्र आपण बहुतेक दुसऱ्याच्या हातीं सोंपविली. माल बाजारांत नेऊन उतरवावा, आडत्यानें तो उघडून दाखवावा, घेणाऱ्यानें हातांत घेऊन, दाबून, हुंगून पाहावा, आणि मग भाव ठरावा, ही रीत आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. ह्या रीतींत मालकाला एक अक्षरही लिहावें लागत नाहीं. माल स्वतःच बोलतो. जें कमी पडेल तें आडत्या बोलतो, आणि त्या बोलण्याची आडतही कापून घेतो.

अलीकडे ही स्थिति पालटत आहे. सन २०२० च्या उन्हाळ्यांत कोरोनाच्या साथीमुळें बाजार विस्कळित झाले, तेव्हां कोंकणांतील अनेक बागाईतदारांनीं आंब्याच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या दारीं पोंचविण्याचा उद्योग केला. तेव्हांपासून स्वतःचें संकेतस्थळ उघडून माल विकणारे शेतकरी ठिकठिकाणीं दिसूं लागले आहेत. गूळ, हळद, बेदाणा, आंबेमोहर तांदूळ, काजू, सर्व कांहीं ह्या मार्गानें जाऊं लागलें आहे. परंतु ह्यांपैकीं पुष्कळांची तक्रार एकच असते : "माल उत्तम आहे, फोटोही घातले आहेत, लोक येऊन पाहून जातात, पण मागणी कोणी नोंदवीत नाहीं."

ह्याचें कारण बहुधा मालांत नसतें, मजकुरांत असतें. मोबाईलच्या कांचेवर आंब्याला वास येत नाहीं, आणि गुळाचा खडा तोंडांत टाकून पाहतां येत नाहीं. नाक, बोटें आणि जीभ ह्या तिघांचें काम तेथें चार-दोन ओळींना करावें लागतें. त्या ओळी कशा लिहाव्या, ह्याचा पाठ ह्या लेखांत देण्याचें योजिलें आहे. उदाहरण म्हणून हापूसची पेटी घेतली आहे. कारण गिऱ्हाइकाच्या मनांत जितक्या शंका हापूसविषयीं असतात, तितक्या क्वचितच दुसऱ्या मालाविषयीं असतील. ज्याला हापूसचा मजकूर लिहितां आला, त्याला गुळाचा व हळदीचा सहज लिहितां येईल.

१. जाहिरात म्हणजे लिहिलेली विक्री

सन १९०४ च्या सुमारास अमेरिकेंत शिकागो येथें जॉन केनेडी नांवाच्या गृहस्थानें जाहिरातीची एक साधी व्याख्या केली. तिचा आशय असा कीं, जाहिरात म्हणजे छापील रूपांतील विक्रेता होय. ही व्याख्या मनांत नीट ठसविली तर निम्मी वाट सरते. दारांत आलेल्या गिऱ्हाइकासमोर उभें राहून आपण "सुवर्णकांति, अमृततुल्य, जगद्विख्यात" असें ओरडत नाहीं. आपण त्याला विचारतों, "केव्हां हवे? घरीं खायला कीं कोणाला पाठवायला?" मग एक फळ हातांत देऊन सांगतों, "हें चार दिवसांनीं पिकेल." समोरच्या माणसाशीं आपण जें बोलतों, तेंच कागदावर उतरावें. जें त्याच्या तोंडावर बोलावयास संकोच वाटेल, तें लिहूंही नये.

त्याच परंपरेंतील क्लॉड हॉपकिन्स ह्या जाहिरात-लेखकानें सन १९२३ सालीं जाहिरातीच्या शास्त्रावर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या अनुभवांतील एक गोष्ट शेतकऱ्यानें मुद्दाम ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरच्या एका बिअरच्या कारखान्याची जाहिरात त्याला लिहावयाची होती. इतर सर्व कारखाने "शुद्ध, शुद्ध" असा एकच शब्द मोठ्या अक्षरांत छापीत असत. हॉपकिन्स स्वतः कारखाना पाहावयास गेला. बाटल्या वाफेनें कशा धुतात, हवा गाळून खोलींत कशी घेतात, खोल विहिरींतून पाणी कसें काढतात, हें त्यानें पाहिलें. मालक म्हणाले, "ह्यांत विशेष तें काय? सगळेच कारखानदार असें करतात." हॉपकिन्सनें तीच हकीकत लिहिली, आणि त्या मालाचा खप झपाट्यानें वाढला. सगळे करीत होते. सांगितलें मात्र कोणींच नव्हतें.

आपलीही स्थिति तशीच आहे. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें तयार केलेल्या नूतन झेल्यानें आपण आंबा देठासह उतरवितों. कारण देठ तुटला तर चीक ओघळून सालीवर डाग पडतो आणि फळ देठाकडून कुजूं लागतें. फळ चौदा आणे तयार झालें म्हणजेच काढतों. उन्हांत न ठेवतां सावलींत आणतों, वजनाप्रमाणें निवडतों, पेंढ्यांत रचतों. आपल्याला हें रोजचें काम वाटतें. पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकानें तें जन्मांत पाहिलेलें नसतें. तेंच त्याला सांगावें. विशेषणांहून ह्या साध्या हकीकतीचें वजन अधिक पडतें.

२. आधीं शंकांची यादी, मग मजकूर

लेखणी हातीं घेण्यापूर्वीं एक वही घ्यावी, आणि गेल्या हंगामांत फोनवर गिऱ्हाइकांनीं कोणकोणते प्रश्न विचारले ते आठवून लिहून काढावे. हापूसच्या बाबतींत ही यादी बहुधा अशी होते :

(अ) आंबा खरोखर देवगडचा किंवा रत्नागिरीचा आहे, कीं दुसरीकडचा आणून पेटी बदलली आहे?
(आ) औषध घालून पिकविला आहे काय?
(इ) पेटींत नग किती, आणि एक फळ केवढें?
(ई) कच्चा येईल कीं पिकलेला? खातां केव्हां येईल?
(उ) वाटेंत खराब झाला किंवा आंतून बिघडलेला निघाला तर पैसे कोणाचे गेले?
(ऊ) घरपोंच मिळून एकूण किंमत किती?

वाचक-बंधूंनीं आपापल्या संकेतस्थळावरील मजकूर काढून ह्या सहा प्रश्नांशीं ताडून पाहावा. बहुतेक ठिकाणीं असें आढळेल कीं, बागेचा इतिहास आहे, आजोबांचें नांव आहे, कोंकणच्या निसर्गाचें वर्णन आहे. पण सहांपैकीं चार प्रश्नांना उत्तर नाहीं. शंका मनांत ठेवून कोणीही पैसे देत नाहीं. ती विचारण्यासाठीं फोन करण्याइतकी आस्था थोड्यांनाच असते. बाकीचे न बोलतां निघून जातात.

शंकेला उत्तर दिल्याशिवाय उत्तम मालही खपत नाहीं, ह्याचा दाखला आपल्याच प्रांतांत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर मजबूत आहे असें कितीही सांगितलें असतें तरी उपयोग नव्हता. कारण शंका मजबुतीविषयीं नव्हतीच, जमिनीविषयीं होती. लाकडी नांगराच्या जागीं लोखंडी नांगर येण्यास आधीं ती शंका फिटावी लागली. पुढें सन १९२० सालीं ह्याच कारखान्यानें 'किर्लोस्कर खबर' हें मासिक काढून गिऱ्हाइकाशीं नियमानें बोलण्याची सोय केली. माल विकणाऱ्यानें गिऱ्हाइकाशीं लिहून बोलावें, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं.

३. मथळा

मोबाईलवर प्रथम जेवढा भाग दिसतो, तेवढाच बहुतेक जण वाचतात. म्हणून मथळ्यांत आणि त्याखालच्या दोन ओळींत माल कोणता, कोठला, कोणाचा, आणि घेणाऱ्याला काय मिळणार, हें आलेंच पाहिजे. पुढील दोन मथळे ताडून पाहा.

पहिला : "फळांच्या राजाचें अस्सल वैभव, आतां आपल्या दारीं!"
दुसरा : "देवगड तालुक्यांतील आमच्या बागेचा हापूस, पेंढ्यांत पिकविलेला, दोन डझनांची पेटी घरपोंच."

पहिला मथळा कोणाही दुकानदाराला, कोणत्याही गांवच्या आंब्याला लावतां येतो; म्हणून तो कोणाचाच नाहीं. दुसरा आपल्याशिवाय दुसऱ्याला लावतां येत नाहीं. मथळ्याची कसोटी हीच : शेजाऱ्यानें तो उचलून आपल्या मालावर चिकटविला तर खोटा पडेल काय? पडत असेल तर मथळा चांगला.

४. विशेषण कापा, वस्तुस्थिति लिहा

मजकूर एकदां लिहून झाला म्हणजे लाल पेन्सिल घेऊन प्रत्येक विशेषणाखालीं रेघ मारावी. "उत्कृष्ट", "अप्रतिम", "दर्जेदार", "शंभर टक्के नैसर्गिक", असे शब्द एकामागून एक निघतील. प्रत्येकाच्या जागीं, तें विशेषण आपण कशाच्या आधारावर लिहिलें, तो आधार लिहावा. "मोठें फळ" ह्याऐवजीं फळाचें वजन ग्रॅममध्यें लिहावें. "ताजा" ह्याऐवजीं झाडावरून उतरविल्यापासून किती दिवसांत पेटी रवाना होते तें लिहावें. "काळजीपूर्वक बांधलेली" ह्याऐवजीं प्रत्येक थराखालीं काय घालतां तें लिहावें. ज्या विशेषणाच्या मागें असा आधार सांपडत नाहीं, तें सरळ कापून टाकावें. तें आपल्यालाही ठाऊक नव्हतें.

दुसरी गोष्ट, मालाचा गुण सांगून थांबूं नये. त्या गुणाचा घेणाऱ्याला उपयोग काय तेंही सांगावें. "चौदा आणे तयार असतांना काढलेला" हें शेतकऱ्याला पुरेसें आहे. शहरच्या गिऱ्हाइकाला त्याचा अर्थ लागत नाहीं. त्यापुढें इतकेंच जोडावें : "म्हणून फळ प्रवासांत टिकतें, घरीं सावकाश पिकतें, आणि आंत साका होण्याचा संभव कमी राहतो."

५. मालाचा दोष आपण होऊन सांगावा

ह्या कलमाविषयीं प्रस्तुत लेखकास स्वानुभव आहे, आणि तो फारसा भूषणावह नाहीं. पहिल्या वर्षीं मजकूर लिहितांना मीं मोठ्या उत्साहानें एक वाक्य घातलें होतें : "आमच्या पेटींत एकही फळ खराब निघणार नाहीं." वाक्य कानाला गोड लागलें म्हणून ठेवलें. त्या हंगामांत नाशिकच्या एका वृद्ध शिक्षकांनीं मुलीच्या सासरच्या मंडळींसाठीं पेटी मागविली. पाहुण्यांसमोर आंबे चिरले, आणि त्यांतील तीन आंतून साक्याचे निघाले. त्यांचा फोन आला. ते रागावले नव्हते. इतकेंच म्हणाले, "आंबा झाडाचा आहे, तो बिघडूं शकतो हें मला समजतें. पण तें वाक्य झाडानें लिहिलें नव्हतें, आपण लिहिलें होतें."

मीं पेटीचे सर्व पैसे परत केले. पण त्या बोलण्याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. साका बाहेरून ओळखतां येत नाहीं, हें मला बाग राखणारा म्हणून पुरतें ठाऊक होतें. साल निर्दोष, वास उत्तम, आणि चिरल्यावर गर पांढुरका व स्पंजासारखा, हा अनुभव प्रत्येक हापूसवाल्याला आहे. झाडावर फळ जितकें अधिक पक्व होऊं द्यावें तितका हा विकार वाढतो; म्हणूनच चौदा आण्यांवर काढणी करतात. तथापि हापूस जातींत तो मुळांतच असल्यामुळें त्याचा अगदीं निर्मूळ नाश होत नाहीं. ह्याच कारणासाठीं कोंकण कृषि विद्यापीठानें नीलम व हापूस ह्यांच्या संकरांतून 'रत्ना' ही साका नसलेली जात काढली. इतकें सर्व माहीत असतां मीं तें वाक्य लिहिलें होतें.

दुसऱ्या वर्षीं त्या जागीं असें लिहिलें : "हापूसमध्यें साका नांवाचा दोष असूं शकतो, तो बाहेरून कोणालाही दिसत नाहीं. चिरल्यावर असें फळ निघाल्यास त्याचा फोटो पाठवावा. त्या फळाची किंमत त्याच दिवशीं परत केली जाईल." घरच्या मंडळींना भीति वाटली कीं, दोष सांगितल्यावर कोण घेणार? अनुभव उलट आला. त्या वर्षींही साका निघालाच. पण फोटो पाठवितांना गिऱ्हाइकें भांडलीं नाहींत, आणि त्यांतील कित्येकांनीं पुन्हां पेटी मागविली. जो आपल्या मालाचा दोष स्वतः सांगतो, त्यानें सांगितलेल्या गुणांवर लोक विश्वास ठेवतात. नाशिकचे ते गृहस्थ मात्र पुन्हां आले नाहींत.

६. कायद्याची कुंपणें

विक्रीच्या मजकुरांतील अतिशयोक्ति ही आतां केवळ नीतीची बाब राहिलेली नाहीं. पुढील गोष्टी प्रत्येक शेतकऱ्यानें माहीत करून घ्याव्या.

(अ) सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हां तोच अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करितां येतो.

(आ) "अमुक हळदीनें मधुमेह बरा होतो", "ह्या गुळानें कर्करोग टळतो" असें लिहूं नये. रोग बरे करण्याच्या अशा जाहिरातींस सन १९५४ च्या औषधी व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानें मज्जाव केलेला आहे. आपण अन्न विकतों, औषध नव्हे.

(इ) कॅल्शियम कार्बाइडनें फळें पिकविण्यास बंदी आहे. इथिलीन वायू मात्र हवेच्या दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत वापरण्यास मुभा आहे. म्हणून "कार्बाइड वापरीत नाहीं" एवढेंच सांगण्यांत भूषण नाहीं; तें तर प्रत्येकाचें कर्तव्यच आहे. आपण फळ कसें पिकवितां, पेंढ्यांत कीं इथिलीनच्या खोलींत, तें स्पष्ट लिहावें. इथिलीन वापरणें लाजिरवाणें नाहीं. तें लपविणें लाजिरवाणें आहे.

(ई) "सेंद्रिय" हा शब्द सैल हातानें वापरूं नये. सेंद्रिय अन्नासंबंधीं सन २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत, आणि प्रमाणपत्राच्या दोन मान्य पद्धति आहेत. प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक द्यावा. नसेल तर कोणतें खत घातलें आणि कोणती फवारणी केव्हां केली, तें जसेंच्या तसें लिहावें.

(उ) हापूसला सन २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें असून तें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर ह्या जिल्ह्यांतील फळास लागू आहे. ह्या जिल्ह्यांतील बागाईतदारानें अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी आणि तो नोंदणी-क्रमांक मजकुरांत द्यावा. "खरा कशावरून?" ह्या शंकेला ह्यापेक्षां चोख उत्तर नाहीं. आपली बाग ज्या गांवची नाहीं, त्या गांवचें नांव मात्र पेटीवर घालूं नये. त्यानें शेजाऱ्याचें नुकसान होतेंच, पण त्या नांवाची पत उतरली म्हणजे आपलेंही होतें.

(ऊ) "शेवटच्या पांचच पेट्या उरल्या!" असें खोटें लिहून घाई करणें, किंवा आरंभीं कमी किंमत दाखवून अखेरीस वाहणावळ व बांधणावळ चढविणें, ह्या दोन्ही रीति सन २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या ठरविलेल्या आहेत. पेट्या खरोखर पांचच उरल्या असतील तर तसें जरूर लिहावें. सहावी मात्र मग विकूं नये.

(ए) गूळ, हळदपूड, आमरस असा प्रक्रिया केलेला माल असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडील नोंदणी किंवा परवाना घेऊन त्याचा क्रमांक दाखवावा.

७. साक्ष

आपली स्तुति आपण केलेली कोणी धरीत नाहीं. दुसऱ्यानें केलेली धरतात. म्हणून गिऱ्हाइकांचीं पत्रें व संदेश जपून ठेवावे, आणि त्यांची परवानगी घेऊन त्यांच्याच शब्दांत छापावे. भाषा सुधारूं नये; शुद्धलेखनाच्या चुकाही राहूं द्याव्या. "आंबे छान होते, दोन जरा लहान होते" हें वाक्य "अवर्णनीय अनुभव!" ह्याहून शतपट मोलाचें आहे. आपणच बनवून लिहिलेली शिफारस ही कायद्याच्या दृष्टीनेंही फसवणूकच होय. फोटोही आपल्याच झाडाचे, आपल्याच पेटीचे असावे. विकत आणलेल्या चित्रांतील आंब्यावर दंवबिंदु असतात. आपल्या आंब्यावर थोडे डाग असतात. पेटी उघडल्यावर गिऱ्हाइकाला चित्रांत पाहिलें तेंच फळ दिसलें पाहिजे.

८. शेवटीं एकच गोष्ट करावयास सांगावी

मजकूर वाचून पटलेला मनुष्यही पुढें काय करावें हें न कळल्यामुळें परत जातो. फोन करावा, संदेश पाठवावा, कीं पैसे आधीं भरावे? तीन वाटा दाखविल्या तर तो एकीनेंही जात नाहीं. एकच वाट दाखवावी, आणि त्या वाटेवर पाऊल टाकल्यावर पुढें काय होईल तेंही सांगावें. हंगाम संपला म्हणजे "ह्या वर्षींची विक्री संपली, पुढील नोंदणी फेब्रुवारींत" अशी ओळ वर लावावी. भर पावसाळ्यांत मे महिन्याच्या पेट्यांची जाहिरात तशीच लोंबत राहणें हें उघड्या टाकलेल्या खळ्यासारखें दिसतें.

९. नमुना

वरील सर्व नियम धरून लिहिलेला मजकूर कसा दिसेल, तें पुढें दिलें आहे. आंकडे व स्थळ केवळ नमुन्याचें आहे. ज्यानें त्यानें आपलें खरें घालावें.

"देवगड तालुक्यांतील आमच्या बागेचा हापूस. दोन डझनांची पेटी, मुंबई व पुणें येथें घरपोंच, एकूण १,८०० रुपये. ह्याहून निराळा आकार नाहीं.

"प्रत्येक फळ २३० ते २६० ग्रॅम वजनाचें. पेटींतील फळांचें एकूण वजन साडेपांच किलोंहून कमी भरणार नाहीं. फळ चौदा आणे तयार झाल्यावर झेल्यानें देठासह उतरवितों, आणि वजनाप्रमाणें निवडून दुसऱ्या दिवशीं पेंढ्यांत रचून रवाना करितों. पिकविण्यासाठीं पेंढ्याखेरीज कांहीं वापरीत नाहीं.

"पेटी आपल्याकडे येईल तेव्हां फळें हिरवट असतील. पेटी उघडून फळें सावलींत, पेंढ्यावर, एकाच थरांत पसरावीं. फ्रिजमध्यें ठेवूं नयेत. हवेच्या उष्णतेप्रमाणें तीं मागेंपुढें पिकतील. रंग पिवळा होऊन वास सुटला म्हणजे खावीं.

"हापूसमध्यें साका हा दोष असूं शकतो, तो बाहेरून दिसत नाहीं. तसें फळ निघाल्यास किंवा वाटेंत सडल्यास फोटो पाठवावा. त्या फळाची किंमत त्याच दिवशीं परत करूं.

"भौगोलिक मानांकनाचा आमचा नोंदणी-क्रमांक पेटीवर छापलेला आहे. पेटी हवी असल्यास खालील क्रमांकावर आपलें नांव, पत्ता व हवी ती तारीख कळवावी. पेटी रवाना होण्याचा दिवस आम्ही त्याच दिवशीं उलट कळवूं. पैसे त्यानंतर भरावे."

ह्या मजकुरांत एकही मोठें विशेषण नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेल. तरीही वर दिलेल्या सहाही शंकांना त्यांत उत्तर आहे.

१०. पारख

मजकूर चांगला झाला कीं नाहीं, हें लिहिणाऱ्यानें ठरवूं नये; गिऱ्हाइकानें ठरवावें. हॉपकिन्सच्या काळीं वर्तमानपत्रांतील जाहिरातीच्या कोपऱ्यांत निरनिराळ्या खुणांचें कुपन छापीत, आणि कोणत्या खुणेचीं कुपनें अधिक परत आलीं तें मोजून कोणता मजकूर सरस तें ठरवीत. आपणही तसेंच करावें. एका आठवड्यांत एक मथळा ठेवावा, दुसऱ्या आठवड्यांत दुसरा; बाकी कांहीं बदलूं नये. एका शेतांत बियाणें व खत दोन्ही एकदम बदललें तर पीक कशानें वाढलें तें कळत नाहीं, तसेंच हें आहे. हंगामाच्या आरंभीं व अखेरीस मागणी आपोआपच कमीअधिक असते, म्हणून एका फेरीवर भिस्त न ठेवतां तीच तुलना दोनतीनदां करावी. मोजतांना किती जणांनीं पाहिलें तें मोजूं नये. किती पेट्या गेल्या आणि किती जणांनीं पुन्हां मागविल्या तें मोजावें.

दुसरी पारख बिनखर्चाची आहे. फोनजवळ वही ठेवावी, आणि गिऱ्हाइकानें विचारलेला प्रत्येक प्रश्न तींत टिपावा. एकच प्रश्न दोनदां आला कीं समजावें, मजकुरांत तेथें भोंक आहे. त्याच संध्याकाळीं तें बुजवावें.

शेवटीं एक विनंति. चांगल्या मजकुरानें वाईट माल एकदां खपतो; दुसऱ्यांदा खपत नाहीं. आडत्याकडे माल टाकला असतां वाईट पेटीचा दोष बाजाराच्या गर्दींत हरवून जात असे. आतां पेटीवर आपलें नांव आहे आणि मजकुराखालीं आपला फोन आहे. लिहिलेलें प्रत्येक वाक्य हें गिऱ्हाइकाकडे ठेवलेलें लेखी वचन आहे, असें समजून लिहावें.

अभ्यास

(१) गेल्या हंगामांतील गिऱ्हाइकांचे दहा प्रश्न लिहून काढा, आणि आपल्या सध्यांच्या मजकुरांत त्यांपैकीं किती प्रश्नांना उत्तर आहे तें पाहा.
(२) आपल्या मजकुरांतील सर्व विशेषणें खोडून उरलेला मजकूर वाचा. माल कोणता, किती व कोणाचा हें त्यावरून कळतें काय?
(३) आपल्या मालाचा जो दोष सांगावयास आपण कचरतां, तो एका वाक्यांत लिहा, आणि त्याची भरपाई आपण कशी करणार तें दुसऱ्या वाक्यांत लिहा.
(४) तयार झालेला मजकूर घरांतील अशा माणसाला मोठ्यानें वाचून दाखवा, ज्यानें आपला माल कधीं विकलेला नाहीं. तें माणूस ज्या ठिकाणीं थांबवून प्रश्न विचारील, तेथें खूण करून ठेवा.